छोटा प्लांटेड टँक, कमी मेंटेनन्स: आधी टँकचा वेग कमी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टेबलावर मावेल असा 20-30 लिटरचा प्लांटेड टँक, म्हणजे पाण्यात जिवंत झाडं लावलेला फिशटँक करायचाय, झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायचा सिलिंडर नकोय, आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर वेळ देता येणार नाही, आणि आधी एक गोल बाऊल केला होता तो महिन्याभरात हिरवागार झाला, त्यातले मासेही गेले. तर तेव्हा नेमकं काय चुकलं आणि या वेळी काय काय घ्यायचं. मी बरीच वर्षं छोटे टँक ठेवतोय, सध्या चार चालू आहेत, त्यातला एक 27 लिटरचा क्यूब सहा वर्षं माती न बदलता चाललाय आणि त्याला मी महिन्यातून दोनदाच हात लावतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, खरेदी करायच्या आधी सगळं वाचा.

सगळ्यात आधी हे, की कमी मेंटेनन्सचा टँक म्हणजे हळू चालणारा टँक. लाईट भरपूर दिला, सीओटू दिला, खत दिलं की झाडं जोरात वाढतात, मग दर आठवड्याला कटिंग, दर आठवड्याला अर्धं पाणी बदल, आणि एखादा आठवडा चुकला की लगेच शेवाळ. म्हणजे तिथे तुमची चूक पण त्याच वेगाने वाढते. लाईट हा या सगळ्याचा अ‍ॅक्सिलरेटर आहे. हवेतून पाण्यात आपोआप विरघळणारा सीओटू असतो लिटरला साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि सिलिंडर लावलेले लोक तो 20 ते 30 मिलिग्रॅमवर ठेवतात, यावरून अंदाज येईल की बिनासिलिंडरच्या टँकमध्ये झाडांना किती थोडका लाईट वापरता येतो. त्याच्या वरचा सगळा लाईट शेवाळाच्या कामाला येतो. तुमचा बाऊल खिडकीत होता असं तुम्ही लिहिलंय, दोन छोटी झाडं आणि चार मासे, फिल्टर नाही. म्हणजे लाईट प्रचंड, झाडं नावाला, आणि माशांची घाण भरपूर. तो हिरवा होणारच होता, त्यात तुमचा हात वाईट वगैरे काही नाही.

तर आता प्रत्येक निर्णय घेताना एवढंच विचारायचं की याने टँकचा वेग वाढतोय की कमी होतोय.

साईझबद्दल: छोट्यात जितका मोठा झेपेल तितका घ्या. 30 सेंटीमीटरचा क्यूब म्हणजे 27 लिटर, पण माती, दगड, वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी 20-22 लिटरच बसतं. 45 बाय 30 बाय 30 घेतलात तर 40 लिटर होतात, टेबलावर पंधरा सेंटीमीटर जागा जास्त जाते पण सांभाळायला तो कितीतरी सोपा. 5-10 लिटरचे शोपीस टँक दिसायला गोंडस असतात, नवीन माणसाने त्यात पडू नये, कारण एक गोगलगाय मागच्या कोपऱ्यात मेली तरी तेवढ्या पाण्यात अमोनिया चढतो. वजनाचा हिशोब करा, एक लिटर म्हणजे एक किलो, वर काच आणि दगड, म्हणजे 27 चा क्यूब 35-40 किलोपर्यंत जातो, डुगडुगणाऱ्या टेबलावर नको. खाली पातळ फोम मॅट टाका आणि लेव्हल बघून घ्या. थेट ऊन येणारी खिडकी टाळा. झाकण असलेलं बरं, पाणी कमी उडतं आणि मासा उडी मारून बाहेर पडत नाही.

आता तळ, म्हणजे सबस्ट्रेट. यावर मी थोडा वेळ घेणार आहे कारण नंतर बदलता न येणारी हीच एक गोष्ट आहे. तीन रस्ते आहेत. पहिला, नुसती वाळू आणि त्यात मुळांजवळ खताच्या गोळ्या, म्हणजे रूट टॅब. स्वच्छ, सोपं, पण दर तीन-चार महिन्यांनी गोळ्या आठवणीने खोचाव्या लागतात. दुसरा, तयार अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे प्लांटेड टँकसाठीच दाणे करून विकली जाणारी माती. झाडं छान येतात, पण नवीन अ‍ॅक्वासॉइल पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, त्या काळात आठवड्याला दोन-तीनदा पाणी बदलावं लागतं, आणि ती पीएच (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा) आणि कार्बोनेट हार्डनेस (कार्बोनेट क्षारांमुळे येणारा जडपणा) खाली ओढते, ही ताकद पुढे वर्ष-दोन वर्षांत संपत जाते. तिसरा, साधी बागेची माती खाली आणि वर वाळूचा थर. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, त्यांनी मातीतली खनिजं, सेंद्रिय पदार्थ कुजून निघणारा सीओटू आणि माशांचं खाणं यांच्यावरच झाडं वाढवायची असा सगळा विचार मांडला. तुमच्या गरजेला मला हीच पद्धत बसते असं वाटतं, माझा सहा वर्षांचा क्यूब याच पद्धतीचा आहे.

माती कुठली? ज्यात शेणखत, रासायनिक खत, कीटकनाशक, पर्लाइटचे पांढरे दाणे मिसळलेले नाहीत अशी. चाळून घ्या, काड्या-मुळं काढून टाका. मग बादलीत पाणी घालून ढवळा, वर तरंगतंय ते ओतून द्या, उन्हात वाळू द्या, परत भिजवा, परत वाळवा, असं तीन-चार वेळा केलं की पटकन कुजणारा भाग बराच निघून जातो आणि सुरुवातीचा अमोनियाचा त्रास कमी होतो. कंटाळवाणं काम आहे, पण हा एक आठवडा पुढचे दोन महिने वाचवतो. थर दोन-अडीच सेंटीमीटर, त्याच्या वर नाही. जाड थर दिला की खाली ऑक्सिजन पोचत नाही, माती सडते, हायड्रोजन सल्फाईड होतो, सडक्या अंड्याचा वास येतो. वर वाळूचा थर अडीच-तीन सेंटीमीटर, दाणा एक ते दोन मिलिमीटरचा. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते आणि जाडी खडी घेतली तर फटींतून माती वर येते. काचेच्या कडेने मात्र माती आणू नका, कडेला दोन सेंटीमीटर नुसती वाळू ठेवा, समोरून काळा पट्टा दिसत नाही आणि त्या पट्ट्यात काचेच्या आतून शेवाळही धरत नाही.

दगड घेताना त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा, फेस आला तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे, पाण्याची हार्डनेस वाढत राहील. लाकूड, म्हणजे ड्रिफ्टवुड, नवीन असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यावर पांढरा चिकट बुरशीसारखा थर येतो, लोक घाबरून लाकूड फेकून देतात, त्याने काही होत नाही, गोगलगायी आणि श्रिंप (छोट्या कोळंबीसारखे जीव) तो खाऊन टाकतात. पाणी चहासारखं झालं तर ते टॅनिन आहे, तेही चालतं.

झाडं. इथे बहुतेक जण हात आखडता घेतात आणि इथेच टँक बिघडतो. पहिल्याच दिवशी वरून बघितलं तर तळाचा निम्म्याहून जास्त, जमलं तर सत्तर टक्के भाग झाडांनी झाकलेला पाहिजे. दोन झाडं लावून ती पसरायची वाट बघायची, हा बेत बिनासीओटूच्या टँकमध्ये चालतच नाही, कारण तोपर्यंत रिकाम्या जागेचा ताबा शेवाळाने घेतलेला असतो.

मी झाडांचे तीन गट करतो. पहिला गट कायमचा, हळू वाढणारा: अनुबियास नाना, जावा फर्न, बुसेफलँड्रा, जावा मॉस, आणि मातीत लावायला क्रिप्टोकोरीन, त्यातही वेंडटाय सगळ्यात सोसणारी. अनुबियास, जावा फर्न आणि बुसे यांचा जो जाड आडवा कंद असतो, रायझोम म्हणतात त्याला, तो वाळूत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा नाहीतर जेल स्वरूपातल्या सुपरग्लूचा एक ठिपका लावून चिकटवा, त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट पाण्यात सुकलं की मासे-श्रिंप कोणालाच त्रास देत नाही. क्रिप्टबद्दल आधीच सांगतो, लावल्यावर आठ-दहा दिवसांत तिची सगळी पानं विरघळल्यासारखी होऊन गळू शकतात. याला क्रिप्ट मेल्ट म्हणतात. उपटून टाकू नका. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नवीन पानं येतात आणि ती मग वर्षानुवर्षं टिकतात. तसंच नर्सरीतली बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, त्यांची जुनी पानं पाण्याखाली गेल्यावर मरतातच, नवीन येणारी पानं वेगळ्या आकाराची असतात. जुनी पिवळी पडलेली पानं कापत राहायचं, बाकी हात लावायचा नाही.

दुसरा गट कामगारांचा: वॉटर विस्टेरिया, हॉर्नवर्ट, गप्पी ग्रास, बाकोपा. ही झपाट्याने वाढतात आणि पाण्यातला अमोनिया, नायट्रेट खेचून घेतात. पहिले दोन-तीन महिने यांची गर्दी पाहिजे, दिसायला जंगल झालं तरी चालेल. नंतर पहिला गट रुळला की यातली निम्मी काढून टाका. हॉर्नवर्टला मुळं नसतात, नुसती तरंगत ठेवली तरी चालते, फक्त नवीन पाण्यात आल्यावर सुया झाडते, फिल्टरच्या तोंडाशी अडकतात, तेवढं बघा.

तिसरा गट तरंगणारा, आणि मला विचाराल तर टँकची खरी मेंटेनन्स हीच झाडं करतात. साल्व्हिनिया, फ्रॉगबिट, रेड रूट फ्लोटर. यांची पानं हवेत असतात, म्हणजे सीओटूची टंचाई यांना नाहीच, त्यामुळे पाण्यातला कचरा ही सगळ्यांत जोरात उचलतात आणि शिवाय खाली सावली देतात. दोन्हीकडून शेवाळाची कोंडी. पण पूर्ण पृष्ठभाग झाकू द्यायचा नाही, निम्मा पुरे. त्यासाठी एअर पंपाच्या नळीचा एक तुकडा घेऊन दोन्ही टोकं कनेक्टरने जोडून गोल रिंग करा आणि पाण्यावर सोडा, रिंगच्या आत मोकळी जागा राहते, तिथून खालच्या झाडांना लाईट मिळतो आणि माशांना खाणंही तिथेच टाकता येतं. डकवीड मात्र जाणूनबुजून घेऊ नका. एकदा आली की ती कायमची. मनी प्लांटची एक फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी कडेला अडकवली तर ती पण हेच काम करते, फक्त पानं पाण्याखाली जाऊ देऊ नका.

हिरव्या गवताचा गालिचा, म्हणजे मॉन्टे कार्लो, क्यूबा वगैरे, हे सगळे फोटो बघून मनात भरतात हे मला माहितीये, पण ते बिनासीओटूचे आणि कमी लाईटचे काम नाही. समोर काही बुटकं हवंच असेल तर छोटी सॅजिटेरिया किंवा मार्सिलिया लावा, पसरायला महिने लागतील, पण जगतील.

झाडं लावताना वाळू नुसती ओली ठेवून, चिमट्याने लावत जा, मधूनमधून पाणी फवारा, आणि शेवटी एक ताटली ठेवून तिच्यावर अगदी बारीक धारेने पाणी सोडा, नाहीतर वाळूखालची माती उसळून सगळं चिखल होतं. एक गोष्ट पुढेही लक्षात असू द्या, मातीच्या टँकमधलं मोठं झालेलं झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कात्रीने कापायचं, मुळं आत राहू द्यायची.

लाईटला टायमर लावा, याला पर्याय नाही. हाताने चालू-बंद करणारा माणूस कधी चार तास देतो कधी बारा. पहिला महिना सहा तास, त्यानंतर झाडं बघून सात, फार तर आठ. महागडा लाईट लागत नाही, साधा पांढरा एलईडी पुरतो, डिमर असेल तर उत्तम. अनुबियासच्या पानांवर हिरवे घट्ट ठिपके दिसायला लागले की समजायचं लाईट जास्त होतोय, तास कमी करा किंवा दिवा वर उचला.

फिल्टर साधा स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप. श्रिंपची पिल्लं ओढली जात नाहीत, बिघडण्यासारखं काही नाही, आणि स्पंजवर ते दिवसभर चरत बसतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात येतं. हीटर तुमच्या खोलीवर अवलंबून आहे. पाणी 20 ते 26 डिग्रीच्या आसपास राहत असेल तर गरज नाही, त्याच्या खाली जात असेल तर 25 वॉटचा पुरतो. उलट उन्हाळ्यात तीसच्या वर जात असेल तर पृष्ठभागावर छोटा पंखा मारा, बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो म्हणून पंप रात्री बंद करू नका.

आता सुरुवातीचे सहा आठवडे. टँक भरला, झाडं लावली, सुंदर दिसतोय, आणि हात शिवशिवायला लागतात मासे आणायला. नको. माशांच्या शरीरातून (मुख्यतः कल्ल्यांवाटे), उरलेल्या खाण्यातून, कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, पानांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि झाडांचं खाद्य. अमोनिया किती विषारी ठरेल हे पीएचवर पण असतं, 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर त्यातला साधारण अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणून कोणाकडे नवीन टँकमध्ये मासे टाकूनही जगले आणि तुमच्याकडे मेले, याचं कारण बऱ्याचदा नळाच्या पाण्यात असतं.

मातीतून आणि मरणाऱ्या पानांतून अमोनिया येतच असतो त्यामुळे वेगळा घालायची गरज पडत नाही. ओळखीच्या कोणाकडे जुना निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या, किंवा तुमचा स्पंज त्यांच्याकडे महिनाभर ठेवा, बाटलीतल्या बॅक्टेरियापेक्षा मला याचा भरवसा जास्त आहे. थेंबांची लिक्विड टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइटची. सलग दोन आठवडे दोन्ही शून्य आले, आणि झाडांना नवीन पानं दिसतायत, तरच पुढे.

या काळात हे सगळं होईल, आधीच सांगून ठेवतो. पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं गढूळ होऊ शकतं, तो बॅक्टेरियाचा फुगवटा, आपोआप जातो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काचेवर, पानांवर तपकिरी धूळ बसेल, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, बहुतेक नवीन टँकमध्ये येतात आणि महिना-दीड महिन्यात जातात, बोटाने पुसून टाका. त्यानंतर हिरवे धागे आले तर टूथब्रशला गुंडाळून काढा आणि लाईट तासाभराने कमी करा. निळसर हिरवा, चादरीसारखा, वास मारणारा थर आला तर ते सायनोबॅक्टेरिया, शेवाळ नाहीच, तो हाताने काढायचा, पाणी बदलायचं, तिथे पाण्याचा प्रवाह पोचतोय का ते बघायचं. यातल्या कशासाठीही बाटलीतलं औषध टाकू नका. शेवाळ मारणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि तांब्याने श्रिंप आणि गोगलगायी मरतात. कारण तसंच राहिलं तर शेवाळ महिन्याभरात परत येतं आणि श्रिंप मात्र परत येत नाहीत.

पहिला महिना आठवड्यातून दोनदा तीस टक्के पाणी बदला. तेवढा एक महिना तुमचा अर्धा तास पुरणार नाही हे मान्य करून चाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर चोवीस तास उघडं ठेवून उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र तसं जात नाही, म्हणून डीक्लोरिनेटर वापरा, थेंबभर लागतं.

जीव कुठले? तुमच्या टँकला माझं पहिलं उत्तर चेरी श्रिंप, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. दोन-तीन सेंटीमीटरचे, दिवसभर शेवाळ आणि कुजकी पानं चरतात, घाण अगदी थोडी, आणि सुखात असतील तर आपोआप वाढतात. मादीच्या पोटाखाली अंडी दिसायला लागली आणि तीन-चार आठवड्यांनी मॉसमध्ये मिलिमीटरभराची पिल्लं फिरताना दिसली की जो आनंद होतो तो मला आजही होतो, इतक्या वर्षांनी. दहा श्रिंपवर सुरुवात करा. ते अगदी कोवळ्या टँकमध्ये टिकत नाहीत, त्यांना चरायला पृष्ठभागांवरचा बायोफिल्म, म्हणजे सूक्ष्म जीवांचा पातळ थर लागतो, म्हणून टेस्ट शून्य आल्यावरही मी अजून दोन आठवडे थांबतो. पाण्यात सोडताना घाई नको, डब्यात ठेवून बारीक नळीने टँकचं पाणी सेकंदाला एक-दोन थेंब असं तास-दीड तास पडू द्या. त्यांना कात टाकायला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, म्हणजे जीएच (पाण्यातल्या याच दोन खनिजांचं मोजमाप) 6 ते 10 च्या दरम्यान हवा, आणि एकदम अर्धं पाणी बदललं की कात अडकून मरतात, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नका. तळाशी पांढरा पारदर्शक श्रिंप दिसला तर मेला असं धरू नका, ती कात असते, राहू द्या, तेच खातात ती.

एक वाईट अनुभव सांगतो कारण तो टाळता येतो. काही वर्षांपूर्वी नवीन आणलेली झाडांची जुडी मी नुसती नळाखाली धुऊन टँकमध्ये लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन वर्षं जपलेली पन्नास-साठ श्रिंपची वसाहत तळाशी आडवी. झाडांवर कीटकनाशक होतं. माशांना काही झालं नाही, श्रिंप एकही वाचला नाही. तेव्हापासून कुठूनही आणलेलं झाड मी वेगळ्या बादलीत आठवडाभर ठेवतो, रोज पाणी बदलून. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जेलमध्ये वाढवलेली बंद डबीतली झाडं असतील तर ही भीती नसते, नुसता जेल धुवायचा. आणि टँक असलेल्या खोलीत झुरळ-डासांचा स्प्रे अजिबात मारायचा नाही, एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो.

सोबत गोगलगायी: रॅम्सहॉर्न येऊ द्या, झाडांबरोबर त्या आपसूक येतातच. त्यांची संख्या म्हणजे तुम्ही किती जास्त खाणं टाकताय याचा सरळ हिशोब, त्या वाढल्या तर त्यांना मारायला जाऊ नका, खाणं कमी करा. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी वाळूत बोगदे करत फिरतात, तळ मोकळा राहतो, मातीच्या टँकला फार उपयोगी.

मासे हवेच असतील तर दोन-तीन महिन्यांनी, आणि एकाच जातीचे. 27 लिटरमध्ये सहा-आठ चिली रासबोरा, दोन सेंटीमीटरचे लालभडक, किंवा तेवढेच एम्बर टेट्रा. किंवा एकटा बेट्टा, पण मग श्रिंपची पिल्लं तो खाणार हे धरून चाला, काही बेट्टा मोठ्या श्रिंपलाही सोडत नाहीत. गप्पी नको, तीन महिन्यांत चाळीस होतात. गोल्डफिश तर अजिबात नको, तो मोठा होणारा आणि भरपूर घाण करणारा मासा आहे, तुमच्या बाऊलमध्ये तेच होते ना. मला स्वतःला विचाराल तर पहिलं वर्ष फक्त श्रिंप आणि गोगलगायी ठेवा, माशांशिवाय टँक रिकामा वाटेल असं वाटतं पण समोर बसून दहा मिनिटं बघितलंत की त्यात किती हालचाल असते ते कळेल.

खाणं: नुसत्या श्रिंपना आठवड्यातून दोनदा, दोन तासांत संपेल इतकंच, उरलं तर काढून टाका. माशांना दिवसातून एकदा चिमटीपेक्षा कमी, आठवड्यात एक दिवस उपास. आठवडाभर गावाला गेलात तर काही करू नका, निरोगी मोठे मासे आठ दिवस आरामात राहतात, श्रिंप तर राहतातच. शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगून जाऊ नका, प्रेमापोटी ते इतकं टाकतात की परत आल्यावर वास येतो. पाण्यात विरघळणारे सुट्टीचे ब्लॉकही नकोत, ते छोट्या टँकचं पाणी नासवतात.

टँक रुळल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनी, माझा क्रम असा आहे. दर पंधरा दिवसांनी तरंगणारी झाडं निम्मी काढायची, समोरची काच पुसायची, पिवळी पानं कापायची, दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं. वीस मिनिटं. स्पंज दोन महिन्यांनी, हवेचे बुडबुडे मंद झाले की, काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीही नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. द्रवरूप खत मी मातीच्या टँकला पहिले सहा महिने देतच नाही, नंतर तरंगणारी झाडं फिकट आणि छोटी व्हायला लागली तर बाटलीवर लिहिलंय त्याच्या एक चतुर्थांश डोस आठवड्याला. तळ व्हॅक्यूम करायचा नाही, तो कचरा झाडांचा आहे.

उडालेल्या पाण्याबद्दल थोडं, कारण हे लोक विसरतात. पाणी उडतं पण त्यातली खनिजं उडत नाहीत, तुम्ही दर वेळी नळाच्याच पाण्याने भर घालत राहिलात तर थेंबे थेंबे तळे साचे तसं वर्षभरात पाणी जड होत जातं, झाडं खुरटतात, श्रिंपची पिल्लं दिसेनाशी होतात आणि कारण काही सापडत नाही. उडालेली पातळी आरओच्या पाण्याने भरा आणि बदलायचं पाणी मात्र नळाचं घ्या. छोटा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवा, सुरुवातीचा आकडा टँकच्या मागे लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा, दीडपट झाला की एका वेळी जास्त न बदलता दोन-तीन महिने थोडं थोडं पाणी बदलून तो खाली आणा.

आणि काढलेली साल्व्हिनिया, फ्रॉगबिट, हॉर्नवर्ट, जास्तीच्या गोगलगायी, यातलं काहीही नाल्यात, तळ्यात, नदीत टाकू नका, यातल्या बऱ्याच जाती मोकळ्या पाण्यात गेल्या की अख्खा पृष्ठभाग व्यापतात. झाडं उन्हात कडक वाळवा आणि कुंडीत घाला, कुंडीतल्या झाडांना ते चांगलं मानवतं, बदललेलं पाणी पण तिथेच ओता.

तुम्ही खरेदीला जायच्या आधी नळाच्या पाण्याचा पीएच, जीएच आणि टीडीएस एवढे तीन आकडे मोजून मला सांगा. जीएच 4 च्या खाली निघाला तर श्रिंपसाठी थोडी खनिजं घालावी लागतील, 15 च्या वर निघाला तर आरओ मिसळायचं प्रमाण ठरवावं लागेल, आणि ते माती आणि झाडं आणायच्या आधी ठरलेलं बरं.